गळून पडलेला आरसा काचेवर पुन्हा कसा बसवावा? आसंजनाचा एक व्यावहारिक पाठ

प्रस्तावना

गाडीच्या पुढच्या काचेवरचा मधला आरसा एखाद्या दिवशी अचानक गळून पडतो. बहुतेक जण घरात असेल तो झटपट गोंद लावतात. आरसा बसतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा पडतो. माझ्या गाडीत एकाच उन्हाळ्यात हे तीनदा घडले. तिसऱ्या वेळी मी गाडी चालवत होतो. आरसा गीअरच्या दांड्यावर आपटून माझ्या पायाशी, ब्रेकच्या पेडलजवळ गेला. गाडी कडेला घेईपर्यंतचे ते काही सेकंद मी विसरलेलो नाही. अभियांत्रिकी साहित्य हा विषय मी वर्षानुवर्षे शिकवतो, पण त्यातला अगदी पहिला नियम मी स्वतःच पाळला नव्हता.

तो नियम असा: जोड तुटतो तेव्हा बहुधा गोंदाची ताकद कमी पडलेली नसते, पृष्ठभागाची तयारी कमी पडलेली असते. या पाठात आपण हे आकडेमोडीने तपासू आणि मग आरसा बसवण्याची कृती पाहू.

१. आरसा कशावर टांगलेला असतो?

अनेक गाड्यांत काचेच्या आतल्या बाजूला धातूचे एक छोटे बटण चिकटवलेले असते आणि आरशाची दांडी त्या बटणावर सरकवून किंवा फिरवून बसवतात. काही गाड्यांत आरसा छताला स्क्रूने जोडलेला असतो. त्यांना हा पाठ लागू नाही.

पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये एक प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढची काच अशीच असावी लागते. दगड लागला तरी तुकडे पडद्याला धरून राहतात. पण हे थर बाजूच्या काचेसारखे टफन केलेले नसतात. त्यामुळे एकाच जागी जास्त उष्णता दिली किंवा पाना घालून बटण उचकटले, तर काचेला तडा जाऊ शकतो.

२. जोडावर भार किती येतो?

आरशाचे वस्तुमान ३०० ग्रॅम धरू. वजन सुमारे ३ न्यूटन. बटण २० मिमी रुंद आणि २५ मिमी उंच धरले, तर क्षेत्रफळ ५०० चौरस मिमी. सोयीसाठी काच उभी आहे असे मानू.

वजनामुळे येणारे कर्तन प्रतिबल = ३ ÷ ५०० = ०.००६ मेगापास्कल.

स्वच्छ पृष्ठभागावर चांगल्या अ‍ॅक्रिलिक गोंदाचे कर्तन सामर्थ्य १० मेगापास्कलच्या आसपास असते. म्हणजे नुसते वजन पाहिले तर आपल्याकडे हजारपटीहून जास्त ताकद आहे. मग आरसा पडतो का?

कारण आरशाचा गुरुत्वमध्य काचेपासून दूर असतो. हे अंतर ८० मिमी धरले, तर आघूर्ण = ३ × ८० = २४० न्यूटन-मिमी. बटणाचा छेद-गुणांक = २० × २५² ÷ ६ = सुमारे २०८३ घन मिमी. त्यावरून बटणाच्या वरच्या कडेला खेचणारे प्रतिबल = २४० ÷ २०८३ = सुमारे ०.१२ मेगापास्कल. कर्तन प्रतिबलाच्या तुलनेत हे जवळजवळ २० पट झाले.

आता तुम्ही आरसा हाताने वळवता, तेव्हा ३० न्यूटन बल सहज लागते. त्याच अंतरावर ते लागले, तर वरच्या कडेवरचे प्रतिबल सुमारे १.२ मेगापास्कल होते. हे गणित सोपे करून मांडले आहे. प्रत्यक्षात अगदी टोकाशी प्रतिबल याहूनही जास्त असते. गोंदाचा थर सरकवणाऱ्या बलाला चांगला तोंड देतो, पण कडेपासून सोलणाऱ्या बलापुढे तो दुबळा ठरतो. पाकिटावरची चिकटपट्टी सरळ ओढून निघत नाही, पण कोपरा उचलला की सहज निघते, ते याच कारणाने.

तरीही १.२ हा आकडा १० पेक्षा बराच कमी आहे. म्हणजे पूर्ण चिकटलेला जोड टिकायला हवा. अडचण आहे ती ‘पूर्ण चिकटलेला’ या दोन शब्दांत.

३. जोड कमकुवत का होतो?

(अ) गोंद पसरतच नाही. द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरायचा असेल तर त्या पृष्ठभागाची पृष्ठीय ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा जास्त हवी. स्वच्छ काचेची ऊर्जा भरपूर असते, म्हणून पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असूनही पाणी तिच्यावर सपाट पसरते. डॅशबोर्ड चमकवण्याच्या अनेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असते. त्याच्या थराची ऊर्जा, त्याच एककात, फक्त २० ते २५ असते. असा अदृश्य थर काचेवर असेल तर गोंद त्या थराला कसाबसा टेकतो, काचेपर्यंत पोचतच नाही. बोटाचे तेल आणि जुन्या गोंदाचे अवशेष हेच करतात.

(आ) तापमान. उन्हात बंद उभ्या गाडीत काचेजवळचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. रेखीय प्रसरणांक प्रति अंश सेल्सिअस काचेचा सुमारे ९ × १०⁻⁶, पोलादाचा १२ × १०⁻⁶ आणि जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा सुमारे २७ × १०⁻⁶ असतो. तापमान ४० अंशांनी वाढले, तर २५ मिमी लांबीत काच आणि पोलाद यांच्या प्रसरणात ३ मायक्रॉनचा फरक पडतो. बटण जस्ताचे असेल तर तोच फरक १८ मायक्रॉन होतो. रोज दुपारी ताण आणि रोज रात्री सुटका, असे हे चक्र चालू राहते. ठिसूळ गोंदात त्यामुळे कडेपासून बारीक भेगा सरकत जातात.

(इ) गोंदाची चुकीची निवड. झटपट गोंद सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा असतो. तो लवकर घट्ट होतो, पण ठिसूळ असतो. काचेवर दमट हवेत त्याचा जोड काळाबरोबर सुटत जातो. म्हणून नागपूरचा मे महिना आणि कोकणातला पावसाळा, दोन्ही त्याला जड जातात.

मिररसाठी मिळणाऱ्या किटमधला गोंद बहुधा अनएरोबिक अ‍ॅक्रिलिक असतो. हवेतला ऑक्सिजन असेपर्यंत तो द्रव राहतो. दोन पृष्ठभागांमध्ये दाबला गेला, ऑक्सिजन तुटला आणि धातूचे आयन मिळाले की तो घट्ट होतो. अशा गोंदाची बाटली पूर्ण भरलेली नसते, कारण आतली हवाच त्याला द्रव ठेवते. काच हे आयन देत नाही, म्हणून किटमध्ये वेगळा अ‍ॅक्टिव्हेटर असतो. अनेक अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये तांब्याचे संयुग असते. गोंद जास्त लावू नये याचेही कारण हेच: जाड थर आतपर्यंत नीट घट्ट होत नाही.

४. आधी पडलेले बटण ‘वाचा’

- गोंद पूर्ण बटणावर आणि काच कोरी: काचेशी आसंजन झाले नव्हते. काच अस्वच्छ होती.
- गोंद पूर्ण काचेवर आणि बटण कोरे: बटणाची तयारी कमी पडली.
- गोंद दोन्हींवर: गोंद स्वतः तुटला. तो ठिसूळ, अर्धवट घट्ट झालेला किंवा जुना होता.
- बटणाबरोबर काचेचा शंखाकृती टवका निघाला: थांबा. तिथे पुन्हा चिकटवू नका. काच दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

माझ्या बटणावर तिन्ही वेळा पूर्ण गोंद होता आणि काच कोरी होती. मी मात्र दर वेळी गोंदालाच दोष दिला.

५. कृती

१. बटण आरशाच्या दांडीत बसवून त्याची वरची बाजू आणि काचेकडची बाजू ओळखा, खूण करा आणि ते पुन्हा वेगळे काढा.
२. बटणाची जागा काचेच्या बाहेरच्या बाजूने चिकटपट्टीने आखा. आतून आखल्यास साफ करताना खूण पुसली जाते.
३. काचेवरचा जुना गोंद ब्लेडने, ते जवळजवळ आडवे धरून, खरवडा. बटण बारीक पॉलिश पेपरने घासा.
४. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ सुती कापडाने पुसा. कापडाची बाजू बदलत दोन-तीनदा पुसा.
५. काचेवर पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी सलग पसरले तर काच तयार आहे. थेंब गोळा झाले तर पुन्हा साफ करा. नंतर काच पूर्ण कोरडी करा आणि बोट लावू नका.
६. काच फार गार किंवा तापलेली नसावी. सावलीत, साधारण २० ते ३० अंश तापमानाला काम करा. दिल्लीच्या थंडीत दुपारची वेळ निवडा.
७. अ‍ॅक्टिव्हेटर लावा, पाकिटावर दिलेला वेळ वाळू द्या. बटणावर गोंदाचा एकच थेंब टाका, खुणेवर ठेवा आणि न हलवता साधारण एक मिनिट दाबून धरा.
८. आरसा लगेच अडकवू नका. बटण एकटेच २४ तास राहू द्या. गोंद घट्ट होण्याआधी आरसा अडकवला, तर विभाग २ मधले आघूर्ण ओल्या थरावरच येते.

दारे उघडी ठेवून काम करा आणि गोंद डोळ्यांपासून दूर ठेवा.

६. स्वतः कधी करू नये?

आरशामागे वायर, पावसाचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल तर सेवा केंद्रात जा. चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा थोडा सरकला तरी त्याचे मापन चुकते. आरसा पुन्हा बसेपर्यंत गाडी न्यावीच लागली तर बाजूचे आरसे नीट लावा आणि सैल आरसा वर टेकवून ठेवू नका.

सारांश

नुसत्या वजनाच्या हजारपट ताकदीचा गोंदही अस्वच्छ काचेवर निरुपयोगी ठरतो. बटण चिकटवायला एक मिनिट लागते, तयारीला अर्धा तास. माझा आरसा चौथ्या वेळी बसवला तो अर्धा तास देऊन, आणि तो अजून जागेवर आहे.

स्वाध्याय

१. ३० मिमी लांबीचे ॲल्युमिनियमचे बटण २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापले. ॲल्युमिनियमचा प्रसरणांक २३ × १०⁻⁶ घेऊन काचेशी होणारा प्रसरणातील फरक काढा. (उत्तर: सुमारे १७ मायक्रॉन)
२. बटणाची उंची २५ मिमीऐवजी १५ मिमी केली, तर वरच्या कडेवरचे प्रतिबल किती पट होईल? (उत्तर: सुमारे २.८ पट)
३. घरातली चिकटवलेली पण सुटलेली एखादी वस्तू घ्या. गोंद कोणत्या बाजूला राहिला ते पाहून जोड तुटण्याचे कारण लिहा.