वैद्यकीय प्रयोगशाळांतील मापन-उपकरणांचे अंशशोधन

रक्त, लघवी इ. नमुन्यांच्या तपासणीसाठी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या उपकरणाचे वाचन ज्ञात मूल्याच्या मानकाशी ताडून पाहणे व त्या दोहोंतील फरक निश्चित करणे, या क्रियेला अंशशोधन म्हणतात. आढळलेला फरक काढून टाकण्यासाठी उपकरणात फेरफार करणे ही त्यानंतरची वेगळी क्रिया असून तिला समायोजन म्हणतात. समायोजनानंतर अंशशोधन पुन्हा करावे लागते.

मापनातील त्रुटी दोन प्रकारच्या असतात. एकच नमुना अनेकदा मोजला असता वाचने सरासरीच्या दोन्ही बाजूंना विखुरतात. ही यादृच्छिक त्रुटी होय. सर्व वाचने एकाच दिशेने व जवळजवळ सारख्या प्रमाणात सरकलेली असतील, तर ती पद्धतशीर त्रुटी होय. पहिली त्रुटी मापन पुन्हा केल्यास लक्षात येते. दुसरी तशी येत नाही. चुकीच्या दिशेने सरकलेले उपकरण दर वेळी तेच उत्तर देते व त्यामुळे ते विश्वासार्ह असल्याचा भास होतो. ही त्रुटी उघड होण्यासाठी ज्याचे मूल्य आधीच माहीत आहे अशा पदार्थाशी तुलना करणे, एवढाच मार्ग असतो.

महत्त्व : अशा त्रुटीचे परिणाम पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतील. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी इ. आदिवासी जमातींची वस्ती असलेल्या या भागात रक्तक्षय (पंडुरोग) व दात्रकोशिका विकार (सिकल सेल) हे आरोग्याचे महत्त्वाचे प्रश्न आहेत. डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालये, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्यावर येथील तपासणीचा भार असतो. भारतातील रक्तक्षय-निवारण कार्यक्रमात १०० मिलि. रक्तात ११ ग्रॅ. पेक्षा कमी हीमोग्लोबिन असलेली गर्भवती स्त्री रक्तक्षयी मानतात, तर ७ ग्रॅ. पेक्षा कमी प्रमाण गंभीर रक्तक्षयाचे समजतात. उपकरण ५ % जास्त दाखवीत असेल, तर ६·७ ग्रॅ. हीमोग्लोबिन असलेल्या स्त्रीची नोंद ७·० ग्रॅ. अशी होईल व ती गंभीर गटातून वगळली जाईल. याउलट ते ५ % कमी दाखवीत असेल, तर ७·३ ग्रॅ. असलेल्या स्त्रीची नोंद ६·९ ग्रॅ. होऊन तिला मोठ्या रुग्णालयात विनाकारण धाडले जाईल. तिची मजुरी बुडेल आणि प्रवासखर्चही पडेल. एका रुग्णाच्या बाबतीत ५ % त्रुटी क्षुल्लक वाटते. पण जेथे अनेक स्त्रियांचे हीमोग्लोबिन या सीमारेषांच्या आसपास असते, तेथे तेवढ्याच त्रुटीने संपूर्ण गावाचे चित्र बदलू शकते.

इतिहास : कारखान्यातील उत्पादनाच्या नियंत्रणासाठी डब्ल्यू. ए. शूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत नियंत्रण-आलेखाची पद्धत मांडली. डब्ल्यू. पी. बेल्क व एफ्. डब्ल्यू. संडरमन यांनी १९४७ मध्ये एकाच प्रकारचे नमुने अनेक रुग्णालयीन प्रयोगशाळांकडे पाठवून केलेली पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या उत्तरांत मोठी तफावत आढळली. एस्. लेव्ही व इ. आर्. जेनिंग्झ यांनी १९५० मध्ये शूहार्ट यांचा आलेख वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला. जे. ओ. वेस्टगार्ड व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याच्या अर्थनिर्णयाचे नियम सुचविले.

मानकांची साखळी : प्रयोगशाळेतील वजन अंशशोधन-केंद्रातील अधिक अचूक वजनाशी ताडतात, ते त्याहून वरच्या दर्जाच्या वजनाशी व अखेरीस राष्ट्रीय मानकाशी जोडले जाते. भारतात ही मानके नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जतन केली जातात. साखळीच्या प्रत्येक कडीत काही अनिश्चितता मिसळते. म्हणून अंशशोधन-प्रमाणपत्रावर फरकाबरोबर अनिश्चितताही नमूद केलेली असावी लागते. अंशशोधन-केंद्रांची क्षमता आयएसओ/आयईसी १७०२५ व वैद्यकीय प्रयोगशाळांची आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तपासली जाते. देशात ही अधिस्वीकृती एनएबीएल हे मंडळ देते.

उपकरणांची तपासणी : (१) पिपेट : पिपेटने सोडलेल्या शुद्ध पाण्याचे वजन करून त्यावरून घनफळ काढतात. २७° से. तापमानाला १ मिलि. पाण्याचे वस्तुमान सु. ०·९९६५ ग्रॅ. असते. ०·१ मिलि. क्षमतेच्या पिपेटने सोडलेल्या पाण्याचे दहा वेळांचे सरासरी वजन ०·०९७७ ग्रॅ. भरले, तर प्रत्यक्ष घनफळ ०·०९८० मिलि. म्हणजे २ % कमी ठरते. हीमोग्लोबिनाच्या सायनमेटहीमोग्लोबिन पद्धतीत ०·०२ मिलि. रक्त ५ मिलि. विक्रियाकारकात मिसळतात; तेथे रक्ताच्या मापात ०·००१ मिलि. चूक झाली, तरी उत्तरात ५ % फरक पडतो. म्हणून प्रकाशमापक निर्दोष असूनही पिपेटमुळे निष्कर्ष चुकू शकतो.

(२) तुला : ती समतल व वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवून प्रमाणित वजनांनी तिच्या व्याप्तीत अनेक ठिकाणी तपासतात. वजने चिमट्यानेच उचलतात, कारण बोटांचा घाम व स्निग्धांश त्यांवर राहतो.

(३) प्रकाशमापक : वरील पद्धतीत ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजतात. तरंगलांबी बरोबर आहे की नाही हे होल्मियम ऑक्साइडयुक्त काचेच्या साहाय्याने पाहता येते. तिचे शोषण-शिखर सु. ५३६ नॅनोमीटरला असते. शोषणाचे प्रमाण ज्ञात संहतीच्या विद्रावांनी तपासतात. विद्रावांची संहती व वाचने यांचा आलेख सरळ रेषेत आला पाहिजे. तो ज्या संहतीला वाकू लागतो, तेथे उपकरणाची विश्वसनीय मर्यादा संपते.

(४) केंद्रोत्सारक : फेऱ्यांचा वेग गतिमापकाने मोजतात. केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने वेग १० % कमी झाला, तर प्रेरणा १९ % कमी होते. परिणामी तांबड्या कोशिका पुरत्या दाबल्या जात नाहीत व त्यांचे घनफळ वाजवीपेक्षा जास्त भरते.

(५) तापमापक व उष्ण जलपात्र : तापमापक प्रथम वितळत्या बर्फात ०° से. ला व नंतर प्रमाणित तापमापकाशेजारी ३७° से. ला तपासतात. एंझाइमांच्या क्रियाशीलतेत १° से. फरकाने सामान्यतः ५ ते ७ % बदल होत असल्याने जलपात्राच्या तबकडीवरील आकड्यावर विसंबून चालत नाही.

(६) स्वयंचलित उपकरणे : रक्तकोशिका-गणक व दात्रकोशिका विकाराच्या निश्चितीसाठी वापरले जाणारे उच्च कार्यक्षमता द्रव वर्णलेखन यंत्र यांचे अंशशोधन उत्पादकाने दिलेल्या ज्ञात मूल्याच्या द्रव्याने करतात. हायड्रॉक्सियूरिया हे औषध घेणाऱ्या दात्रकोशिका रुग्णांत पांढऱ्या कोशिका व बिंबाणू यांच्या संख्येवरून मात्रा ठरवीत असल्याने गणकाची अचूकता थेट उपचाराशी निगडित असते.

दैनंदिन व बाह्य नियंत्रण : दोन अंशशोधनांच्या मधल्या काळात उपकरण बिघडणार नाही, याची हमी प्रमाणपत्र देत नाही. त्यासाठी दररोज रुग्णांच्या नमुन्यांपूर्वी नियंत्रण-नमुना मोजतात. अशा किमान वीस वाचनांवरून सरासरी व प्रमाण विचलन काढून आलेखावर रेषा आखतात व पुढील प्रत्येक वाचन त्यावर नोंदवितात. एखादे वाचन सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेल्यास, किंवा लागोपाठ दोन वाचने एकाच बाजूस दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेल्यास त्या दिवसाचे निष्कर्ष रोखून धरतात. लागोपाठ दहा वाचने सरासरीच्या एकाच बाजूस पडणे हे हळूहळू वाढणाऱ्या पद्धतशीर त्रुटीचे लक्षण होय. प्रत्येक वाचन स्वतंत्रपणे मर्यादेत असल्याने आलेखाशिवाय ते ओळखता येत नाही. याखेरीज बाहेरून आलेला अज्ञात नमुना मोजून इतर प्रयोगशाळांशी तुलना करता येते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज जीवरसायनशास्त्रासाठी व नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था रक्तशास्त्रासाठी अशा योजना चालवितात.

स्थानिक परिस्थिती : उपकरणाचे अंशशोधन किती दिवसांनी करावे, हे त्याच्या वापराबरोबर भोवतालच्या परिस्थितीवरही अवलंबून असते. डहाणूसारख्या किनारी भागात पावसाळ्यातील दमट हवेमुळे भिंगांवर व गाळण्यांवर बुरशी येण्याचा आणि विद्युत् जोडण्या गंजण्याचा संभव असतो. विद्युत् दाबातील चढउतारांनी दिव्याची दीप्ती बदलते. त्यासाठी दाब-स्थिरक वापरतात. डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका अनुभवास आली. जागचे हललेले उपकरण पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये, हा सर्वसाधारण नियम अशा ठिकाणी विशेष लागू पडतो. धक्क्यानंतर तुलेची समतलता पाहणे व नियंत्रण-नमुना पुन्हा मोजणे एवढे तरी करावे लागते. मुंबईला दुरुस्तीसाठी नेऊन परत आणलेल्या उपकरणालाही हाच नियम लागतो, कारण प्रवासातील हादऱ्यांनी त्याचे समायोजन बिघडू शकते.

नोंदी : प्रत्येक उपकरणाच्या नोंदवहीत अंशशोधनाचा दिनांक, आढळलेला फरक, केलेली दुरुस्ती व पुढील तपासणीचा दिनांक लिहितात. नियंत्रण-नमुन्यात दोष आढळल्यास त्याआधीच्या शेवटच्या समाधानकारक नोंदीपर्यंत मागे जाऊन मधल्या काळातील रुग्णांचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतात. शहरात रुग्णाला परत बोलाविणे शक्य असते. विखुरलेल्या पाड्यांवर राहणाऱ्या, किंवा पावसाळा संपताच वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील स्त्रीला पुन्हा गाठणे पुष्कळदा शक्य होत नाही. यामुळे मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या लहान प्रयोगशाळेत, दिवसाचा पहिला नमुना घेण्यापूर्वी केलेल्या तपासणीचे मोल अधिक असते.