अनुमतीचा उंबरठा

कॅनडात आश्रयाचा दावा निर्वासित अपील विभागानेही फेटाळला, की दावेदाराला १५ दिवसांच्या आत फेडरल न्यायालयाकडे न्यायिक पुनर्विलोकनाचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आणि रीतसर झाला की नाही हे तपासण्याचा, अर्ज करता येतो; मात्र हा अर्ज ऐकला जाण्यासाठी आधी न्यायालयाची अनुमती लागते आणि ती द्यायची की नाही हे न्यायाधीश सहसा कागदपत्रे वाचूनच ठरवतात. नकाराची कारणे सहसा दिली जात नाहीत आणि त्यावर अपीलही नसते.

म्हणूनच वकिलाचा खरा कस लेखी युक्तिवादात लागतो. दावेदाराचा छळ झाला होता का, हा प्रश्न आता न्यायालयापुढे नसल्याने वकील मूळ निर्णय परिच्छेदागणिक वाचतो आणि तर्काची साखळी कुठे तुटली ते शोधतो: शपथेवरचे कथन, संशयाला सबळ कारण नसल्यास, खरे धरावे हे १९७९ पासूनचे तत्त्व पाळले गेले का, दावेदाराच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा उल्लेखही न करता बाजूला टाकला गेला का, की एखाद्या तारखेतल्या किरकोळ विसंगतीवरून संपूर्ण कथनच अविश्वसनीय ठरवले गेले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वाविलोव निकालानुसार अशा कारणमीमांसेला वाजवीपणाची कसोटी लागते. म्हणजे न्यायाधीशाचे स्वतःचे मत वेगळे असले, तरी तर्कशुद्ध निर्णय कायम राहतो. दुभाष्याने जबाब चुकीचा पोहोचवला किंवा प्रतिकूल पुराव्याला उत्तर देण्याची संधीच मिळाली नाही, तर मात्र प्रश्न प्रक्रियेच्या न्याय्यतेचा, भारतीय विधिज्ञांच्या परिचयाच्या ‘नैसर्गिक न्याया’चा, होतो आणि तेथे न्यायालय मूळ निर्णयकर्त्याच्या मताला फारसा मान देत बसत नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न असेल तर दावेदाराला तोंडी सुनावणी मिळालीच पाहिजे, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या सिंग खटल्यात ठरवले. त्यातील बहुतेक अर्जदार भारतातून आलेले शीख होते. त्याच देशात अनुमतीच्या टप्प्यावर सहसा कोणाचेच तोंडी म्हणणे ऐकले जात नाही, ही विसंगती खटल्यांच्या संख्येकडे बोट दाखवून पुरती झाकता येत नाही; विशेषतः कायद्याचे अभ्यासक शॉन रेहाग यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनुमती देण्याचे प्रमाण न्यायाधीशागणिक कमालीचे बदलत असल्याचे दिसल्यानंतर.

अनुमती मिळून अर्ज मंजूर झाला, तरी न्यायालय सहसा स्वतः निर्वासिताचा दर्जा देत नाही. प्रकरण नव्या निर्णयासाठी दुसऱ्या सदस्याकडे परत जाते, आणि तो सदस्य आधीच्या चुका टाळूनही दावा पुन्हा फेटाळू शकतो.