सेटिंग ३० एफपीएसचं, मग फाईल २८ का दाखवते?

समजा, वैजापुरातल्या एका लग्नाची रात्रीची वरात तुम्ही मोबाईलवर शूट केली. सेटिंग ३० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. नंतर मीडियाइन्फोमध्ये फाईल उघडली तर आकडा २८! फोन खोटं बोलतोय का? नाही. ३० ही तुमची मागणी होती, २८ हा नंतर केलेला हिशोब आहे.

अंधारात सेन्सरला उजेड कमी पडतो, म्हणून बरेच फोन प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ उजेड गोळा करतात. मग सेकंदात ३० फ्रेम बसतच नाहीत. बँडच्या लाईटजवळ ३०, पुढे अंधाऱ्या गल्लीत २४. याला म्हणतात व्हेरिएबल फ्रेम रेट. आयफोनमध्ये यासाठी 'ऑटो एफपीएस' असं वेगळं सेटिंगच आहे.

मुळात एमपी४ फाईल एका ठरलेल्या फ्रेम रेटवर चालत नाही. कोणती फ्रेम किती वेळ दाखवायची, याचा तक्ता तिच्यात असतो. सेकंदाचे ९०,००० भाग केले आणि दर ३००० भागांनी नवी फ्रेम आली तर ३० एफपीएस. ३००३ भागांनी आली तर २९.९७. (हा विचित्र आकडा १९५३ सालच्या अमेरिकन कलर टीव्हीची देणगी. आपल्या दूरदर्शनचे २५ कसे सरळ!) प्लेअर तक्ता पाळतो, म्हणून गॅलरीत व्हिडिओ नीट दिसतो. माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर मात्र एकूण फ्रेमला एकूण सेकंदांनी भागून सरासरी सांगतं. एफएफप्रोब तर दोन आकडे देतं: एक ही सरासरी, दुसरा सगळ्या फ्रेमच्या वेळा ज्यात बसतील असा अंदाजे रेट. दोन्हींत बराच फरक दिसला की समजायचं, फाईल व्हेरिएबल असणार.

खरा घोळ एडिटिंगला होतो. १० मिनिटांच्या वरातीत १६,८०० फ्रेम आहेत, सरासरी २८. एडिटरने तक्ता न बघता सरसकट ३० धरले, तर चित्र ५६० सेकंदांत संपतं आणि आवाज ६०० सेकंद चालतो. नवरदेव मांडवात पोचलेला दिसतो, ऐकू येतो अजून रस्त्यावरचा बँड.

म्हणून एडिटच्या आधी कॉम्प्युटरवर हँडब्रेकमध्ये ३० आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून नवी फाईल बनवा. जिथे फ्रेम कमी पडते तिथे ते आधीचीच फ्रेम परत टाकतं. चित्र कुठेकुठे किंचित अडखळेल, पण आवाज जुळेल. मूळ फाईल मात्र लगेच डिलीट करू नका, फ्रेमच्या खऱ्या वेळा तिच्यातच आहेत.