गॅरेजमधलं विमान (भाग 7) : हवा आत आली, आता जाणार कुठून?

मागच्या आठवड्यात इंजिन फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्या मधल्या भिंतीवर, बसलं आणि त्यावर फायबरग्लासचं काउलिंग, म्हणजे इंजिनाचं आवरण, चढलं. आता चाचणी-उड्डाणं. विमान धावपट्टी सोडून चढू लागतं आणि काही मिनिटांतच सिलिंडर हेडच्या तापमानाचा काटा नको तिथे सरकतो. अमेरिकेत स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या किती तरी लोकांना या क्षणाला तोंड द्यावं लागलं आहे. त्यावर पहिला उपाय सुचतो तो प्रोपेलरमागची हवेची दोन तोंडं मोठी करण्याचा. बहुतेक वेळा दुखणं तिथे नसतंच.

लायकॉमिंगची ओ-320 आणि ओ-360 ही चार सिलिंडरांची इंजिनं व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही मालिकेतल्या विमानांवर सर्रास दिसतात. दोन सिलिंडर उजवीकडे, दोन डावीकडे, सगळे आडवे. हवा समोरून येते, पण तिने सरळ मागे निघून जाणं अपेक्षित नसतं. बॅफल म्हणतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांनी काउलिंगच्या पोटात दोन मजले केलेले असतात. वरच्या मजल्यावर हवा कोंडून दाब वाढतो, खालच्या मजल्यावर तो कमी राहतो. या फरकामुळेच हवा फिन्सच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या पातळ पात्यांच्या, मधून वरून खाली रेटली जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. जुन्या बजाज चेतकच्या सिलिंडरवर पत्र्याचं कव्हर असायचं ते याचसाठी. ते काढलं तर पंख्याची हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जाईल.

हा दाब मिळतो किती? ताशी 185 किलोमीटर वेगाला, समुद्रसपाटीवर, समोरच्या हवेकडून फार तर 165 मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. वेग 140 वर आला की तो 95 च्या आसपास घसरतो, कारण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. चढताना इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, उष्णता सर्वाधिक निर्माण होते आणि नेमका तेव्हाच वेग कमी असतो. त्यामुळे हाती आलेला दाब फटींतून गळू देणं परवडणारं नाही.

गळती शोधायची रीत सोपी आहे. काउलिंग काढून अंधारात इंजिनाच्या खाली दिवा धरा आणि वरून पाहा. फिन्समधून उजेड दिसला तर उत्तम. पत्रा आणि क्रँककेस यांच्या सांध्यातून दिसला, तर तिथे उष्णता सोसणारं सिलिकॉन सीलंट भरा. बॅफलच्या वरच्या काठावरची सिलिकॉन रबराची पट्टी दाबाच्या बाजूला, म्हणजे आत आणि पुढे वळलेली हवी, म्हणजे दाब वाढेल तशी ती काउलिंगला घट्ट चिकटते. दोन-चार उड्डाणांनंतर काउलिंगच्या आत पट्टी घासल्याची रेघ उमटते. ती रेघ जिथे तुटली असेल, तिथून हवा पळते.

आता तिसरा सिलिंडर, उजवीकडचा मागचा. त्याने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. त्याच्या हेडच्या मागच्या बाजूला ओतकामातच फिन्स अगदी आखूड आहेत. बॅफलचा मागचा पत्रा तिथे चिकटून बसला की हवेला खाली जायला वाटच उरत नाही. सगळीकडे फटी बुजवत आलेल्या माणसाने इथे उलटं करायचं असतं. स्क्रूवर वॉशर घालून पत्रा थोडा मागे सरकवायचा, किंवा मागून पत्र्याची छोटी पन्हळ बसवून हवेला वाट करून द्यायची. दोन क्रमांकाच्या, म्हणजे डावीकडच्या पुढच्या, सिलिंडरच्या पुढच्या बाजूलाही हीच अडचण असते. या दोन जागा नीट केल्यावर चारही हेडची तापमानं एकमेकांजवळ येताना पाहणं हा या छंदातला मोठा आनंद आहे.

हे सगळं करूनही इंजिन तापत असेल, तर खाली पाहा. हवा बाहेर पडायची वाट एक्झॉस्टच्या नळ्यांनी अडवली असेल, फायरवॉलची खालची कड काटकोनात असेल, तर खालचा मजला तुंबतो. मग तोंडं कितीही मोठी करा, फायदा नाही. कड गोलाकार करा, गरज पडली तर बाहेर पडायची जागा वाढवा. पण बेतानेच, कारण जास्तीच्या हवेची किंमत वेगात मोजावी लागते. 1928 मध्ये अमेरिकेतल्या लँगलीच्या विमान-संशोधन प्रयोगशाळेत फ्रेड वाइक यांच्या गटाने कर्टिस एटी-5ए विमानाच्या उघड्या इंजिनावर नीट आखलेलं काउलिंग चढवलं, तेव्हा त्याचा वेग ताशी 118 मैलांवरून 137 वर गेला. हवा आवश्यक तेवढीच, आणि ठरल्या वाटेने.

कुठलाही बदल करण्याआधी मोजा. जुना वेगदर्शक मिळाला तर त्याची पिटोची नळी वरच्या मजल्यात आणि स्टॅटिकची खालच्या मजल्यात सोडा. दोन्ही नळ्यांची तोंडं बंद करून बाजूला बारीक भोकं पाडा, म्हणजे वाहत्या हवेचा थेट झोत त्यांत शिरणार नाही. काटा दाखवेल तो मजल्यांमधल्या दाबाचा फरक. एका वेळी एकच बदल करा, त्याच वेगाने पुन्हा चढा आणि आकडे वहीत लिहा. लायकॉमिंगने हेडसाठी 260 अंश सेल्सिअसची कमाल मर्यादा दिली आहे, पण इंजिन दीर्घकाळ टिकायला ते 224 च्या खाली ठेवा, असंही तेच सांगतात. तापलेलं अ‍ॅल्युमिनियम ताकद गमावतं, हे त्यामागचं कारण.

ऑइल कूलरही बहुधा याच वरच्या मजल्यातून हवा घेतो आणि सिलिंडरांच्या वाट्याची पळवतो. त्याचा हिशोब पुढच्या भागात.