कुरणात तणनाशक फवारताय? आधी गुरं बाहेर काढा!
गाजर गवत आणि घाणेरी कुरणात माजली की चारा घटतो. तणनाशक वापरा, पण जपून. घाणेरी मुळातच विषारी, ती खाल्ल्याने गुरांचं यकृत बिघडतं. फवारणीनंतर कोमेजलेली विषारी झुडपं तर जनावरं जास्त आवडीने खाऊ शकतात. म्हणून लेबलवरची मुदत संपेपर्यंत आणि झुडपं पूर्ण वाळेपर्यंत चराई बंद ठेवा.

डब्यावरचा त्रिकोण पाहा: लाल सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. कुरणासाठी शिफारस असलेलंच औषध घ्या. वारा असेल तर फवारू नका. हातमोजे, मास्क, बूट घाला. पंप ओढ्यात धुऊ नका, रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.

काही दिवस चारा विकत आणावा लागला तरी चालेल, दुभती गाय गमवायला नको.