टेबलावरचं 'एचटी-२': हातानं घडवलेलं मॉडेल अस्सल कसं ओळखाल?

हवाई दलातून निवृत्त झालेल्यांच्या घरी शोकेसमध्ये बऱ्याचदा एखादं लाकडी विमान दिसतं. बहुधा मिग, नाहीतर जग्वार. पण वैमानिक पहिल्यांदा हवेत जातो तो प्रशिक्षण विमानातून. त्यातल्या 'एचटी-२'चं तर आपल्या सीमाभागाशी थेट नातं आहे.

गडहिंग्लजचा माणूस, बंगळुरूचं विमान

बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानं स्वतःच्या आराखड्यावर बनवलेलं हे पहिलं इंजिनाचं विमान. आराखड्याचं नेतृत्व डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे होतं. जन्म १९०८ चा, गाव गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू. जर्मनीतल्या गटिंगेनला त्यांनी वायुगतिशास्त्राचं शिक्षण घेतलं. ५ ऑगस्ट १९५१ रोजी 'एचटी-२' पहिल्यांदा उडालं, तेव्हा ते चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. पुढे हवाई दलात या विमानानं जुन्या 'टायगर मॉथ'ची जागा घेतली. नंतरचं 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमानही घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली झालं.

मॉडेल कसं घडतं?

गोकाक किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी पाहिलेल्यांना हे काम ओळखीचं वाटेल. मात्र खेळण्यात कारागिराला मोकळीक असते, मॉडेलमध्ये नसते. खऱ्या 'एचटी-२'च्या पंखांचा पसारा १०.७२ मीटर आणि लांबी ७.५३ मीटर. चोवीसास एक प्रमाण धरलं तर मॉडेल सुमारे ४४.७ सेंटिमीटर रुंद आणि ३१.४ सेंटिमीटर लांब होतं. इथं एक मिलिमीटर चुकला की खऱ्या विमानात २४ मिलिमीटर चुकल्यासारखं.

आधी समोरून, बाजूनं आणि वरून अशी तीन रेखाचित्रं लागतात. त्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे कापतात. नीट वाळलेल्या ठोकळ्यातून विमानाचा सांगाडा कोरतात आणि मधेमधे फर्मा लावून गोलाई तपासतात. पंख वेगळे करून बसवतात. ते टोकांकडे किंचित वर उचललेले हवेत. सरळ आडवे बसवले तर विमान मरगळल्यासारखं दिसतं. लाकूड ओलसर असेल तर काही महिन्यांत सांधे उघडतात, म्हणून इथं घाई चालत नाही.

खरं विमान धातूचं होतं. त्यामुळे रंगाखालून लाकडाच्या रेषा दिसता कामा नयेत. त्यासाठी पुट्टी, सीलर, पॉलिश पेपर हा क्रम पुन्हा पुन्हा करावा लागतो. मॉडेल बनवण्यातला बराच वेळ जातो तो यातच.

घेताना काय पाहाल?

- पंखांची एकच जोडी, सांगाड्याच्या खालच्या अंगाला. वर-खाली दोन जोड्या असतील तर ते 'टायगर मॉथ'.
- दोन आसनं एकामागे एक, कारण शिकणारा आणि शिकवणारा दोघं बसत.
- पुढची चाकं पोटात न जाणारी, तिसरं छोटं चाक शेपटीखाली.
- हवाई दलाच्या खुणेत बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. हा क्रम उलटलेला असेल तर मॉडेल परत करा.
- रंग आणि क्रमांक एकाच विमानाच्या फोटोवरून घेतलेले. एका विमानाचा रंग आणि दुसऱ्याचा क्रमांक अशी सरमिसळ नको.

घरात कुणी या विमानावर काम केलं असेल तर त्यांचे जुने फोटो आणि आठवणी कारागिराला आधीच द्या. खरं विमान पाहायचं असेल तर गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात 'एचटी-२' ठेवलेलं आहे.

आणखी एक. बैठकीवरच्या पितळी पट्टीवर सहसा फक्त विमानाचं नाव कोरतात. त्याखाली आणखी एक ओळ मावते: आराखडा, वि. मा. घाटगे, हसूरचंपू. घरातल्या मुलांना ते विमान कुणाचं, हे मग वेगळं सांगावं लागणार नाही.