एकच इंजिन, दीडशे घोडे आणि सव्वादोनशे

सहस्रकुंडचा धबधबा धो धो कोसळू लागला की आमच्या इस्लापुरात गाड्यांची रीघ लागते. गेल्या श्रावणात अशीच एक जुनी ऑक्टेव्हिया आरएस चहाच्या टपरीशी थांबली. सायलेन्सर बदललेला, चाकं रुंद, रिमॅप केलेली. बोनेट उघडलं, पोरं जमली आणि एकानं विचारलं, "लॅपटॉप जोडून एवढी पळते, तर कंपनीनंच का नाही पळवली?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

ही गाडी आपल्या मराठवाड्याचीच. छत्रपती संभाजीनगरजवळ (तेव्हाचं औरंगाबाद) शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. भारतात २००४ साली आलेल्या या आरएसचं इंजिन १.८ लिटरचं, टर्बोचं, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ताकद १५० अश्वशक्ती. युरोपातल्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये याच घराण्यातलं इंजिन १८० देत होतं. आणि ऑडी टीटीत? चक्क २२५!

इंजिनाची खरी भूक हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा किलोंच्या वर हवा लागते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारणारा पंखा. तो ही हवा आत कोंबतो. किती कोंबायची, ठिणगी कधी टाकायची, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. रिमॅप म्हणजे त्याच्यातले आकडे बदलणं. पान्हा हातात न घेता ताकद वाढते, याचं मला आजही नवल वाटतं.

पण दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं, तसंच. तापलेलं मिश्रण नेमक्या ठिणगीनं जळायच्या ऐवजी भलत्या वेळी, आपोआप भडकतं आणि पिस्टनवर घाव बसतात. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. इंजिनाच्या अंगाला यासाठी एक कानच लावलेला असतो, नॉक सेन्सर. खट्ट आवाज टिपला की संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद उतरते. मे महिन्यात नांदेडच्या दुपारी विकत घेतलेले घोडे असे गुपचूप परत जातात!

आता टीटी बघा. टर्बो मोठा. हवा थंड करणारे इंटरकूलर दोन. मिश्रण दाबायचं प्रमाण, म्हणजे कम्प्रेशन, साडेनवावरून नवावर आणलेलं. गिअर पाचाचे सहा, आणि ताकद पुढच्या दोन चाकांऐवजी चारही चाकांत वाटलेली. एक आकडा वाढवताना कारखान्यानं अख्खी गाडी पुन्हा मांडली. ब्रेकचंही तेच. वेग शंभरावरून एकशे चाळीसवर नेला की थांबवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सगळी डिस्कनाच गिळावी लागते.

क्लच, ब्रेक, इंटरकूलर, सगळं जुळवून घेणाऱ्या कारागिराला मी मनापासून मानतो. शेकडो इंजिनिअरांचं काम तो एका गाडीसाठी करत असतो. नुसता रिमॅप मला पटत नाही. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेपासून हटणारे बदल कायद्याला चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

विचारणाऱ्या पोराला मी बंपरपाशी उकिडवं बसवलं. जाळीच्या एका कोपऱ्यात इंटरकूलरच्या बारीक पट्ट्या दिसत होत्या, चिखलानं अर्ध्या बुजलेल्या. त्यानं हात जवळ नेला आणि पटकन मागे घेतला. मग सरकत दुसऱ्या कोपऱ्यात डोकावला. टीटीत तिथे दुसरा असतो. इथे नुसती पोकळी होती.